एका वेळी एकच बदल

मंगळवार, १४ जून २०२२, सकाळी दहा वाजून पाच मिनिटे. टेबलावर सात चिप, सोळा कपॅसिटर, चोवीस रेझिस्टर, नऊ व्होल्टची एक कोरी बॅटरी आणि साबणाच्या वडीएवढी ॲल्युमिनियमची एक डबी. ही डबी म्हणजे खिशात मावणारा हेडफोन ॲम्प्लिफायर. तिच्या एका टोकाला मोबाइलची वायर, दुसऱ्या टोकाला मोठ्या वाट्यांचा हेडफोन आणि त्या वाट्यांखाली बाईंचे दोन्ही कान.

"अशीच बसू, की श्वासही रोखून धरू?" बाईंनी विचारले.

"श्वास घे. फक्त मधे बोलू नकोस," सर वहीत तारीख घालत म्हणाले, मग बाईंना ऐकू गेले नसेल हे लक्षात येऊन त्यांनी ओठांवर बोट ठेवले.

"लग्नापासून तेच सांगताय."

सर तंत्रनिकेतनात शिकले आणि पुढे तिथेच छत्तीस वर्षे शिकवून निवृत्त झाले. विद्यार्थी त्यांना पाठीमागे 'मल्टिमीटर' म्हणत, कारण मोजल्याशिवाय ते कशावरही विश्वास ठेवत नसत. बाई एका मोठ्या इस्पितळाच्या टेलिफोन बोर्डावर एकतीस वर्षे होत्या. तिथली चारशे बारा एक्स्टेन्शन त्यांना तोंडपाठ होती, आणि निवृत्तीला नऊ वर्षे होऊनही एकसुद्धा पुसले गेले नव्हते. एकदा डोळ्यांखालून गेलेली यादी त्यांच्या डोक्यात क्रमवार जाऊन बसे. ते त्यांच्या कामाचे भांडवलच होते.

त्याच बाईंना आता शब्द ऐकू येईनासे झाले होते. आवाज येई. कुणीतरी बोलते आहे, स्त्री बोलते आहे की पुरुष, रागात की हसत, हे सारे कळे. पण स, त, फ, ख ही अक्षरे वाटेतच गळून पडत आणि उरलेल्याचा अर्थ लागत नसे. कानाच्या डॉक्टरांनी आलेख समोर ठेवून सांगितले होते, "आवाज मोठा करता येईल. शब्द सुटे करता येणार नाहीत. बिघाड आतल्या नसेत आहे." दोन प्रकारची श्रवणयंत्रे महिना-महिना लावून झाली आणि दोन्ही परत गेली. डॉक्टरांसमोर सरांनी मान डोलावली, पण मनातून ते मानले नाही. त्यांच्या हाताखालून गेलेल्या एकाही यंत्राच्या कार्डावर त्यांनी 'उपाय नाही' असे कधी लिहिले नव्हते.

आणि आता वेळ हातात नव्हता. परदेशात राहणाऱ्या मुलीच्या, घरच्या ठकीच्या, गळ्यातली गाठ गुरुवारी, ३० जूनला काढायची होती. व्हिसाला सहा आठवडे लागणार होते. ठकीने फोनवर सांगितले होते, "बाबा, त्याआधीच्या रविवारी मला आईशी बोलायचंय. एकटीशी. तुम्ही मधे दुभाषी नको."

"अगं, व्हिडिओ लाव. ओठ दिसतील तिला."

"ओठ पुढे, आवाज मागे. मागच्या वेळी किती गोंधळ झाला तिचा."

"मग लिहून पाठव."

"लिहून सांगता आलं असतं तर सांगितलं नसतं का, बाबा?"

सरांनी फोन ठेवला. त्यांच्याकडे डाख देण्याची तापती डाखणी होती. एरवी शौकीन लोक गाणे अधिक गोड लागावे म्हणून ज्या डब्यांतल्या चिपा बदलत बसतात, तसली एक डबी त्यांनी हाताशी घेतली. गोडवा त्यांना नको होता. खालच्या पट्टीतला घुमारा छाटून वरच्या पट्टीतली अक्षरे तेवढी उचलायची होती. कपॅसिटर आणि रेझिस्टर योग्य निवडले तर ते होते, हे त्यांनी फळ्यावर शेकडो वेळा सिद्ध करून दाखवले होते.

परीक्षेची पद्धत त्यांनी ठरवली ती विद्यार्थ्यांना शिकवलेलीच: एका वेळी एकच बदल, बाकी सारे जसेच्या तसे. ठकीकडून तिच्याच आवाजात पंचवीस शब्द रेकॉर्ड करून मागवले. शेत, तीस, फीत, केस, सूत, पीठ, खाट, सात... सगळे दोन-दोन अक्षरांचे, नेमके तिथेच दगा देणारे. आवाज तोच, पातळी तीच, खुर्ची तीच, वेळ सकाळी दहा वाजून पाच मिनिटांची. शब्द ऐकून बाईंनी तो लिहायचा. शेवटी सर लाल पेनाने तपासत, चुकलेल्या शब्दासमोर बरोबर शब्द लिहीत आणि कागद बाईंच्या हाती देत. तपासलेला पेपर विद्यार्थ्याला न दाखवणे म्हणजे फसवणूक, असे त्यांचे छत्तीस वर्षांचे मत होते.

डबी न लावता, नुसत्या हेडफोनवर: आठ. कागद दाखवून झाला. मग डबी जोडून, पहिली चिप: अकरा.

"तीन वाढले!" सर म्हणाले, आणि मग तीन बोटे वर करून दाखवली.

"पास व्हायला किती लागतात?"

सरांनी तळहातावर वीस लिहून दाखवले.

"मग आहेच की अजून शिकवणी."

गुरुवारी चिप बदलली: चौदा. शनिवारी आवाजाच्या वाटेवरचा कपॅसिटर काढून लहान मापाचा बसवला: सतरा. डाख देताना सरांना मनगट टेबलाच्या कडेला टेकवावे लागे. चिमट्यातून निसटलेला रेझिस्टर शोधायला ते जमिनीवर ओणवे झाले की बाई पायाने मोरी साफ केल्यासारखी फरशी चाचपत आणि म्हणत, "मिळाला नाही तर केरात बघते. तुमचं अर्धं संशोधन मी रोज केरातच टाकते."

सोमवारी सर सुट्या भागांच्या दुकानात गेले. दुकानदार त्यांचाच जुना विद्यार्थी. केस पांढरे झाले तरी सर दिसले की स्टुलावरून उठे.

"सर, ही चिप न्या. आवाजात मखमल आहे नुसती."

"मखमल नको. धार हवी."

"धार? ऐकणाऱ्याचे कान कापले जातील, सर."

"कापले जाऊ देत. शब्द कळू देत."

दुकानदार काहीतरी विनोद करणार होता, पण सरांचा चेहरा पाहून मागे वळला. ड्रॉवर उपसून त्याने एक चिप काढली, स्थिर वीज रोखणाऱ्या चंदेरी पिशवीत घातली आणि म्हणाला, "ही सगळ्यात कोरडी. गाण्याला कुणी घेत नाही हिला. पण सर, एक विचारू? चिप बदलून एवढा फरक पडतो? आम्हाला तर तुम्हीच शिकवलंत, की..."

"आकडे वाढतायत," सर म्हणाले. "आकडे खोटं बोलत नाहीत."

मंगळवार, २१ जून: वीस. शुक्रवार, २४ जून, रेझिस्टर बदलून: तेवीस.

सरांनी आकडा लिहिला, त्याखाली दोन रेघा ओढल्या आणि चष्मा काढून पुसला. पुसून झाल्यावरही पुसतच राहिले. बाई त्यांच्याकडे पाहत होत्या. त्यांनी तोंड उघडले, पुन्हा मिटले, आणि शेवटी म्हणाल्या, "चहा टाकू?" सरांनी तेवढ्यात डबीचे झाकण चार स्क्रूंनी कायमचे बंद केले होते.

रविवारी अकरा वाजता ठकीचा फोन आला. सरांनी डबी सुरू केली, हिरवा दिवा लागलेला पाहिला, बाईंच्या कानांवर वाट्या नीट बसवल्या आणि ठकीने सांगितल्याप्रमाणे घराबाहेर पडले. जिन्याच्या वळणावर ते बावीस मिनिटे उभे होते. वरच्या मजल्यावरच्या शेजारणीने विचारले, "किल्ली विसरलात का?" सर म्हणाले, "नाही, मुलगी बोलतेय." शेजारीण हसून पायऱ्या उतरून गेली.

ते आत आले तेव्हा हेडफोन टेबलावर होता आणि बाई त्याची वायर बोटाभोवती गुंडाळत होत्या.

"कळलं ना सगळं?" सरांनी समोर बसून, ओठ नीट हलवत विचारले.

"छान बोलली," बाई म्हणाल्या. "खूप बोलली."

"काय म्हणाली?"

"ते आमचं आहे," बाई म्हणाल्या आणि उठल्या. सर खूश झाले. त्यांनी वहीत लिहिले: प्रत्यक्ष वापर, बावीस मिनिटे, समाधानकारक.

चार वाजता ठकीने सरांना फोन केला.

"बाबा, आईला ऐकू आलं का हो?"

"आलं की. तेवीस आहेत तिचे, पंचवीसपैकी."

"मी तिला म्हटलं, मला भीती वाटतेय. भूल दिल्यावर उठलेच नाही तर काय, म्हटलं. तर आई म्हणाली, छान, छान. मग मी परत सांगितलं. ती हसली आणि म्हणाली, मज्जा आहे बाई तुझी."

सरांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. ते म्हणाले, "लाइन खराब असेल."

"असेल," ठकी म्हणाली. "तिला काही विचारू नका हं, बाबा. तिला वाईट वाटेल."

सोमवारी सकाळी सर आपली वही घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आले. कुठला भाग दगा देतो आहे, ते पहिल्यापासून तपासायचे त्यांनी ठरवले होते. बाई पाठमोऱ्या उभ्या राहून धुतलेले पेले पुसत होत्या. एकेक पेला फडताळात ठेवताना त्या स्वतःशीच पुटपुटत होत्या. स्वतःचा आवाज किती मोठा आहे याचाही त्यांना आता अंदाज येत नसे.

"शेत. तीस. फीत. केस. सूत. पीठ. खाट. सात..."

पंधरावा शब्द, सोळावा शब्द. कुठेही अडखळ नाही. सर दारातच उभे राहिले. चोविसाव्या शब्दाला पेले संपले, तरी बाईंनी पंचविसावा म्हणून टाकला आणि पंचा खुंटीला लावला. वळल्या, तर समोर सर.

सरांनी वही उघडून त्यांच्यापुढे धरली. आकड्यांच्या ओळीवर बोट ठेवले: आठ, अकरा, चौदा, सतरा, वीस, तेवीस. मग त्याच बोटाने बाईंच्या कपाळाला हलकेच स्पर्श केला.

बाईंनी मान खाली घातली. "मी मुद्दाम नाही केलं हो. तुम्ही पेपर दाखवायचात. एकदा बघितलं की राहतंच ते. एक्स्टेन्शनसारखं. पहिल्यांदा मलाही वाटलं, खरंच ऐकू येतंय. नंतर नंतर लक्षात आलं, की शब्द यायच्या आधीच मी लिहितेय."

"मग बोलली का नाहीस?" सरांनी विचारले. त्यांना वाटले ते रागावले आहेत, पण आवाज तसा निघाला नाही.

"शुक्रवारी सांगणार होते. तुम्ही चष्मा पुसत होता." बाईंनी खुंटीवरचा पंचा सरळ केला. "आणि मलाही वाटत होतं, रविवारी येईल ऐकू. तिचा आवाज आहे, येईल. बावीस मिनिटं मी नुसती हसत होते. ती हसत होती का हो?"

सरांना ठकीचे शब्द आठवले: तिला वाईट वाटेल. ते "हो" म्हणाले. बाई त्यांच्या ओठांकडे पाहत होत्या. हा एक शब्द त्यांना नेमका कळला.

त्यानंतर सर टेबलापाशी बसून राहिले. एका वेळी एकच बदल. चिप बदलली, कपॅसिटर बदलला, रेझिस्टर बदलला. आणि दर खेपेला आणखी एक गोष्ट बदलत होती, जिच्यासाठी त्यांच्या वहीत रकानाच नव्हता. पहिल्या वर्षाच्या पोराने ही चूक केली असती तर त्यांनी त्याला फळ्यापाशी उभे केले असते. दुकानदाराचे अर्धवट राहिलेले वाक्यही त्यांना आता पुरे ऐकू आले: नुसत्या चिपने एवढा फरक पडत नसतो.

"नवी यादी करा," मागून बाई म्हणाल्या. "माझ्या ओळखीची नको."

"राहू दे गं."

बाईंना ते कळले नाही. किंवा कळले असावे. त्या खुर्ची ओढून समोर बसल्या. "तुम्हाला मोजल्याशिवाय झोप लागायची नाही. आणि मलाही कळायला हवं. गुरुवारी ती शुद्धीवर आली की फोन करेल. तेव्हा मी काय करायचं, ते मला आधी ठरवायला हवं."

संध्याकाळपर्यंत बसून सरांनी ठकीच्या जुन्या व्हॉइस मेसेजमधून पंचवीस शब्द वेगळे काढले. कधी ती घाईत होती, कधी रस्त्यावर, कधी तोंडात घास. त्यांतले कितीतरी मेसेज 'आईला सांगा' असे सुरू होत होते, आणि सरांचे त्यातले निम्मे सांगायचे राहून गेले होते.

मंगळवार, २८ जून, सकाळी दहा वाजून पाच मिनिटे. चिप तीच, कपॅसिटर तोच, रेझिस्टर तोच. हिरवा दिवा लागला. बाईंनी डोळे मिटून घेतले आणि दोन्ही हातांनी हेडफोनच्या वाट्या कानांवर घट्ट दाबून धरल्या. प्रत्येक शब्दानंतर एक हात सोडून त्या लिहीत आणि लगेच पुन्हा दाबून धरीत. नवव्या शब्दापाशी पेन्सिल थांबली, मग घाईने काहीतरी लिहून गेली. शेवटचा शब्द झाल्यावर त्यांनी कागद टेबलावरून पुढे सरकवला आणि सरांच्या लाल पेनाकडे पाहत बसल्या.

सरांनी तपासला, दोनदा तपासला. या खेपेला चुकलेल्या शब्दांसमोर त्यांनी काहीच लिहिले नाही आणि कागद घडी करून वहीत ठेवला. मग वही बाईंकडे वळवून तेवढा आकडा दाखवला.

पंचवीसपैकी आठ.