थांबलेली ताटे

शुक्रवार, ७ फेब्रुवारी २०२५, दुपारचे साडेतीन. आखातातल्या जाब्रिया वस्तीत, तिसऱ्या मजल्यावरच्या घरात मोरेश्वरांनी पडदे ओढून घेतले, तेव्हा टीव्हीसमोर खुर्च्या तीन होत्या: एक मुलगा शरदसाठी, एक सून शामलासाठी, एक स्वतःसाठी. नातवासाठी त्यांनी खुर्ची मांडली नव्हती. चित्रपट त्याच्यामुळे दाखवायचा होता. त्याने तो पाहावा, असे त्यांच्या मनातही आले नव्हते.

नातू अभिनव चौदा वर्षांचा. डिसेंबरात त्याने आणि शाळेतल्या दोघा मित्रांनी इमारतीमागच्या मोकळ्या जागेत कचऱ्याची पेटी पेटवली. तिघांनाही मखफरमध्ये, म्हणजे पोलीस ठाण्यात, नेले. लेखी हमी देऊन शरदने मुलाला सोडवून आणले. पण पुन्हा असे घडले तर साऱ्या घराचा इकामा, तिथे राहण्याचा परवाना, जाईल, अशी ताकीदही सोबत घेऊन आला. शरद रुग्णालयातली यंत्रे दुरुस्त करणारा तंत्रज्ञ, शामला परिचारिका. इकामा गेला की दोघांच्याही नोकऱ्या गेल्या. शरदने सातारा जिल्ह्यातली एक कडक शिस्तीची निवासी शाळा शोधून काढली होती. प्रवेशाच्या अर्जावर आज संध्याकाळी सह्या व्हायच्या होत्या.

मोरेश्वर कऱ्हाडहून महिनाभरासाठी आले होते. नातवाला त्या शाळेत पाठवणे त्यांना मान्य नव्हते, पण वाद घालून मुलगा ऐकणार नाही, हे ते जाणून होते. तंत्रनिकेतनात डिप्लोमा करत असताना रविवारी सकाळच्या खेळाला ते जुने अमेरिकी चित्रपट पाहत. पडद्यावर टोळीवाल्यांचा काळ. गल्लीतली उनाड पोरे आणि त्यांना डांबून ठेवणारी सुधारगृहे. त्यांतला एक चित्रपट मनातून गेला नव्हता. तो त्यांनी मिळवला आणि टोळीची भराभर बोललेली इंग्रजी घरच्यांना कळावी म्हणून प्रत्येक संवादाखाली मराठी ओळ बसवली. वर्कशॉपमध्ये जोडकाम तपासावे तशी ओळ न् ओळ तपासली.

"बाबा, मध्यंतर आहे ना?" शरद बसता बसता म्हणाला. "नसेल तर वडे आत्ताच येऊ देत. सुधारगृहात काय खायला घालतात ते मग बघू."

"कर थट्टा. पण एक सांगून ठेवतो. यातलं एक अक्षरही खोटं नाही."

चित्रपट सुरू झाला. सुधारगृहाचा अधीक्षक पोरांच्या वाट्याचे दूध बाहेर विकत होता. खोकून खोकून इतरांची झोपमोड करतो म्हणून त्याने एका पोराला तळघरातल्या कोठडीत टाकले. दुसऱ्या दिवशी जेवणाची घंटा झाली. पोरे रांगेने येऊन बसली आणि एकानेही चमचा उचलला नाही. पहारेकरी ओरडला, दोघातिघांना त्याने बदडले. ताटे निवत राहिली. अखेर खोकणाऱ्या पोराला वर आणून बाकावर बसवले, तेव्हाच साऱ्यांनी पहिला घास घेतला.

वडा न्यायला आलेला अभिनव तिथेच जमिनीवर बसला होता. हातातला वडा तसाच होता.

पुढे तो खोकणारा पोर मेला. अधीक्षक पकडला गेला, नवा भला माणूस आला, आणि शेवटच्या दृश्यात सारी पोरे हसत बागकाम करू लागली. शामला पदराने डोळे टिपत होती.

"अहो, नको. नाही पाठवायचं याला."

"अगं, शेवट पाहिलास ना? नवा अधीक्षक आल्यावर सगळी पोरं सरळ झाली."

"आणि तो खोकणारा? तो कुठे सरळ झाला?"

शरदने सहीसाठी काढून ठेवलेले पेन उचलले. त्याने पेनाला टोपण लावून ते खिशात ठेवले. एवढ्याचसाठी तर मोरेश्वरांनी खटाटोप केला होता. ते काही बोलणार, एवढ्यात जमिनीवरून आवाज आला.

"आय वॉन्ट टू गो."

"कुठे?" शामलाने दचकून विचारले.

"दॅट स्कूल."

"अरे, काय हाल केले त्याचे, पाहिलंस ना!"

"बट दे वेटेड फॉर हिम." अभिनव मग आईसाठी मराठीकडे वळला. "कोणी जेवलं नाही, आई. मखफरमध्ये त्या दोघांनी माझंच नाव सांगितलं. मी एकटा बसलो होतो. ते दोघं आधी घरी गेले."

हे त्याने आजवर कोणालाच सांगितले नव्हते.

"बाळा, अरे चित्रपट तो," मोरेश्वर घाईने म्हणाले. "भिंती पुठ्ठ्याच्या असतात. पोरं म्हणजे पगारी नट. खरं असं कुठे घडत नाही."

"आजोबा, तुम्हीच म्हणालात ना, एक अक्षरही खोटं नाही?"

मोरेश्वरांनी रिमोट उचलला. ताटे खोटी म्हणावीत, तर कोठडीही खोटी ठरत होती आणि शामलाचे रडणेही वाया जात होते. कोठडी खरी म्हणावी, तर ताटांनाही खरेच म्हणणे भाग होते. इतक्या मराठी ओळी त्यांनी बसवल्या, आणि खोलीत ज्याला त्यांची गरजच नव्हती असा एकच जण होता. तोच चित्रपट मनाला लावून बसला होता.

शरदने खिशातले पेन पुन्हा हातात घेऊन टोपण काढले. "मुलगाच जातो म्हणतोय, बाबा. आता अडवणारे आपण कोण?"

शामलाने सासऱ्यांकडे पाहिले. त्यांनी टीव्ही बंद केला आणि पडदे सरकवले. बाहेर अजून ऊन होते.

जूनमध्ये शरद-शामलाला रजा मिळाली नाही. अभिनव एकटाच विमानाने मुंबईला आला, आणि त्याला शाळेत पोहोचवण्याचे काम मोरेश्वरांकडेच आले. नाव नोंदवणे, केस कापणे, गणवेशाचे माप यांत दुपार झाली. जेवणाची घंटा झाली, तेव्हा अभिनव न्हाव्यासमोर मान खाली घालून बसला होता. मोरेश्वर भोजनगृहाच्या खिडकीपाशी गेले. मुले रांगांनी जेवायला बसली होती. त्यांनी एका टोकापासून मोजायला सुरुवात केली आणि दुसऱ्या टोकापर्यंत नीट मोजले.

जेवणारी मुले एकशे बारा. थांबलेली ताटे शून्य.