अर्धी पांढरी चूल

‘धुराचे कारण : दगडी चूल जुनी व सदोष असून, वृद्ध घरमालकिणीने ती अयोग्य रीतीने पेटवली.’

मित्रांनो, हे अग्निशमन दलाच्या अहवालातले वाक्य आहे. चूल जुनी आहे, हे खरे. घरमालकीण वृद्ध आहे, हेही खरे. उरलेली दोन्ही विधाने खोटी आहेत. परंतु खरी विधाने खोट्यांचा हात धरून त्यांना आत घेऊन येतात, आणि मग त्यांना नावगाव कोणी विचारत नाही.

ती जुनी चूल म्हणजे मी. तुमच्या स्वयंपाकघरातली नव्हे. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एका घरात, बैठकीच्या भिंतीत बांधलेली, माणूस वाकून आत शिरेल एवढी. माझ्यासमोर चार पिढ्यांनी पत्रे आणि वर्तमानपत्रे मोठ्याने वाचली आहेत. पुरावा कशाला म्हणतात, ते मला ऐकून ठाऊक आहे.

घरमालकीण गब्नित हिच्या आजेसासऱ्यांनी मला बांधले. माझ्या कपाळावरचा आडवा दगड नऊ जणांनी डोंगरावरून वाहून आणला आणि दहावा केवळ सल्ला देत आला. माझा पहिला विस्तव काडी ओढून पेटवलेला नव्हता. जुन्या घरातले निखारे लोखंडी भांड्यात राखेखाली झाकून, वाऱ्याला पाठ देत, माझ्यापर्यंत आणले गेले. त्या दिवसापासून तो विस्तव विझला नाही. दिवसा दलदलीतून कापून वाळवलेल्या, सरपणासारख्या जळणाऱ्या मातीच्या विटा माझ्यात पेटत. निजताना निखारे राखेत पुरले जात आणि सकाळी राख सारून त्यांवर फुंकर घातली जाई.

गब्नित नवी नवरी होऊन आली, तेव्हा सासूने तिच्या हाती चिमटा दिला. किल्ल्या देण्याची रीत तिथे नव्हती, कारण दारांना कुलपेच नव्हती. पुढची साठ वर्षे तो चिमटा तिच्याच हातात राहिला. झाकणावर निखारे ठेवून ती जड भांड्यात पाव भाजत असे. आई मेलेली कोकरे माझ्या कुशीला निजवी आणि ओले मोजे माझ्या कपाळावर वाळत घाली. मे महिन्याच्या पहिल्या दिवशी ती शेजाऱ्यालाही विस्तव देत नसे, घराचे भाग्य बाहेर जाते म्हणून. शेजारी मुद्दाम त्याच दिवशी मागायला येई, आणि ती दरवर्षी त्याला चहा पाजून रिकाम्या हाताने परत पाठवी. पुढे दूरदर्शन आले आणि खुर्च्यांनी माझ्याकडे पाठ फिरवली. गब्नितची खुर्ची मात्र जागची हलली नाही.

तिचा एकुलता मुलगा टाइग जवळच्याच नव्या बंगल्यात राहतो. त्या बंगल्याला धुराडे नाही. गेल्या फेब्रुवारीत गब्नितचे खुब्याचे हाड मोडले आणि तिला तीन आठवडे इस्पितळात ठेवले. गाडीत बसताना तिने टाइगला बजावले, ‘रोज निखारे झाक. बाकी घर पडलं तरी चालेल.’ टाइगने मान डोलावली.

विस्तव विझला. कधी विझला, ते मी सांगणार नाही. ते ज्याचे त्याने सांगावे.

इस्पितळाने गब्नितला एक दिवस आधीच सोडले, आणि शेजाऱ्याने तिला घरी पोचवले. तिने माझ्या राखेत हात घातला. राख थंड होती. तिने काटक्या रचल्या आणि साठ वर्षांच्या सवयीने विस्तव पेटवला. धूर वर गेला आणि तसाच खाली आला. खोली काळी झाली, आणि गब्नित काठी टाकून दारापर्यंत सरपटत गेली.

अग्निशमन दल आले, टाइगही धावत आला. दलाच्या अधिकाऱ्याने खिडक्या उघडल्या, मला पाणी पाजले आणि धुराडे मोकळे आहे ना, असे टाइगला विचारले. टाइगने स्वतःच्या बुटांकडे पाहिले.

‘असणारच,’ तो म्हणाला. ‘आई विसरते हल्ली.’

अधिकाऱ्याने ते लिहून घेतले. माझ्यात डोके घालून वर पाहायला त्याला अर्धे मिनिट लागले असते.

गब्नितची रवानगी शहरातल्या वृद्धाश्रमात झाली. मला सर्वांत भयंकर वाटते ते हे की, अहवालावर तिचाही विश्वास बसला. आपण नेमके काय करायचे विसरलो, असे ती तिथल्या परिचारिकांना रोज विचारी.

इकडे माझ्या रूपाची चिंता सुरू झाली. टाइगने मासिकातले चित्र पाहून ठरवले : दगडांना पांढरा रंग द्यायचा, कपाळावर गुळगुळीत फळी बसवायची आणि पुढे काचेआड विजेची खोटी ज्वाळा लावायची. माझे दगड काळवंडलेले दिसतात, अशी त्याची तक्रार होती. सव्वाशे वर्षे लोकांना ऊब दिल्यावर दुसरा कोणता वर्ण येतो, हे त्या मासिकात छापलेले नव्हते.

फिंटन नावाच्या गवंड्याने माझी डावी बाजू रंगवली. मग धुराडे बुजवण्यापूर्वी मोजमाप घ्यावे म्हणून त्याने हात वर घातला, आणि खताचे एक पोते खाली ओढले. पोत्यात गवत ठासलेले होते आणि त्याची खालची बाजू धगीने वितळली होती.

‘टाइग, तुझी चूल बाळंत झाली रे,’ तो म्हणाला. मग पोत्याच्या तोंडाशी बांधलेली निळी दोरी त्याला दिसली, आणि त्याचे हसू मावळले. ‘डावखुरी गाठ. आपल्याकडे अशी गाठ कोण मारतं?’

‘तू रंग लाव,’ टाइग म्हणाला.

‘मी दगडाला रंग लावतो. माणसाला नाही.’ फिंटनने ब्रश धुतला, पोते माझ्या पायाशी ठेवले आणि तो निघून गेला.

मित्रांनो, जुन्या वस्तूला नवे रूप खुशाल द्या. मी काही पांढऱ्या रंगाची वैरीण नाही. पण तिला सदोष ठरवण्यापूर्वी एकदा वाकून तिच्या आत पाहा. जुन्या माणसांच्या बाबतीत तर दोनदा पाहा, कारण चुलीच्या उलट, माणसाला आपला दोष पटवून देता येतो.

रविवारी चर्चमधली प्रार्थना आटोपल्यावर फिंटनने गब्नितला गाडीतून घरी आणले. टाइगलाही त्याने निरोप धाडला होता. गब्नित काठी टेकत माझ्यासमोर आली.

‘अर्धी दाढी केल्यासारखी दिसतेय बिचारी,’ ती म्हणाली.

मग तिला पोते दिसले. तिने गाठीवरून बोट फिरवले. लहानपणी टाइगला उजव्या हाताची गाठ जमेना, तेव्हा ही गाठ तिनेच त्याला शिकवली होती. ती आपल्या खुर्चीत बसली, चिमटा उचलून तिने थंड राख एकदा खालीवर केली, आणि पाठ न वळवता म्हणाली, ‘विस्तव कधी विझला, टाइग?’

टाइगने डोक्यावरची टोपी काढली. अहवालातले वाक्य मी तुम्हाला जसेच्या तसे ऐकवले. त्याचे उत्तरही तसेच ऐकवते.

‘तिसऱ्याच दिवशी, आई. मी आलोच नाही झाकायला. नंतर आलो तेव्हा धुराड्यातून गार वारा येत होता म्हणून पोतं कोंबलं, आणि त्या अधिकाऱ्याने विचारलं तेव्हा तुझं नाव पुढे केलं. तू काहीच विसरली नव्हतीस.’