अंजूच्या पुढे पळालेली रेघ

मित्रांनो, खजुरीच्या मराठी शाळेत, विज्ञानाच्या खोलीत खिडकीजवळ बसलेला जुना संगणक म्हणजे मी. माझा पांढरा रंग आता पिवळट झाला आहे. कळफलकावरची बरीच अक्षरं पुसली गेली आहेत. तरी मला कमी समजू नका.

कलबुर्गीच्या एका दुकानात माझे सुटे भाग जोडले गेले. शाळेत आलो तेव्हा मुलींनी मला हळदकुंकू लावलं होतं. पहिली काही वर्षं गुणपत्रकं छापण्यात गेली. मग गणिताच्या प्रेरणाबाई आल्या. त्यांनी माझ्यात आलेख काढणारं सॉफ्टवेअर घातलं आणि माझ्या आयुष्याला खरी चव आली. मुलं हरभऱ्याच्या रोपाची उंची मोजून आणायची, मी ठिपके मांडायचो, ठिपक्यांतून रेघ ओढायचो. माझा एकही ठिपका कधी जागा चुकला नाही, हे मी छाती फुगवून सांगतो.

नववीतली अंजू तेव्हा चारशे मीटर पळायची. खेळाचे शिक्षक शिवप्रसाद सर दर शनिवारी तिची वेळ मोजायचे आणि मला द्यायचे. आठवड्यागणिक वेळ कमी होत होती. ठिपके पायऱ्यांसारखे खाली उतरत होते. एके दिवशी सर म्हणाले, "बाई, ही रेघ जिल्ह्याच्या स्पर्धेपर्यंत वढा की."

"सर, तिथवर आपण मोजलेलं न्हाई," प्रेरणाबाई म्हणाल्या. "तो नुसता अंदाज व्हईल."

"अंदाजच बघू."

मोजलेल्या भागाच्या पुढे मी तुटक रेघ ओढली. ती थेट जिल्ह्याच्या विक्रमाच्याही खाली गेली. सरांनी कागद छापून फळ्याशेजारी चिकटवला. शाळाभर आनंद झाला. ती रेघ तुटक का आहे, हे मात्र कुणी विचारलं नाही.

पुढच्या शनिवारपासून अंजूची वेळ जागच्या जागी अडकली. सर तिला जास्त पळवू लागले. सकाळी पळायची, शाळा सुटल्यावर पुन्हा पळायची. ठिपके काही उतरेनात. मग एक दिवस अंजू मैदानावर आलीच नाही. तिच्या जागी तिची आई राजूबाई सरांना शोधत विज्ञानाच्या खोलीपर्यंत आली.

"सर, पोरगी जेवंना झालीय," ती दारातूनच म्हणाली. "कामून म्हणलं, तर म्हणती, रेघ पुढं जायलीय आन् मी मागं राहायलेय. आता पळणारच न्हाई म्हणती. ही रेघ हाय तरी कुठं, मला दावा."

सरांनी फळ्याशेजारच्या कागदाकडे बोट केलं. प्रेरणाबाई उठल्या. "अक्का, बसा. अंजूला बोलवून घेऊ."

अंजू आली. डोळे सुजलेले होते. बाईंनी तिला माझ्यासमोर बसवलं आणि म्हणाल्या, "ही तुटक रेघ तूच पुढं वढ. अजून वढ. अजून."

अंजू ओढत गेली. ती सांगेल तशी मी काढत गेलो. रेघ खाली उतरत उतरत शून्यावर टेकली आणि शून्याच्याही खाली गेली.

अंजू थांबली. "बाई, म्हणजे मी निघायच्या आधीच पोचणार?"

"रेघ तसंच म्हणतीय."

अंजू हसली. राजूबाईला आलेख कळला नव्हता, पण लेक हसली म्हणून तीही हसली. शिवप्रसाद सरांनी उठून फळ्याशेजारचा कागद काढला. "चूक माझी हाय," ते म्हणाले. "रेघ बघून मी तुला पळवायलो होतो. तुझ्याकडं बघायचंच ऱ्हायलं."

बाईंनी मला अडकलेल्या शनिवारांचे ठिपकेही धरून नवी रेघ काढायला सांगितली. या वेळी मी सरळ रेघेऐवजी वक्र रेघ काढली. आधी उतरणारी, मग हळूहळू सपाट होत जाणारी. माणसाचं शरीर तसंच शिकतं, हे मला त्या दिवशी कळलं. सरांनी सराव कमी केला. मधे विश्रांतीचे दिवस ठेवले. अंजू पुन्हा जेवू लागली, पळू लागली.

कलबुर्गीच्या स्पर्धेत तिचा तिसरा नंबर आला. विक्रम काही मोडला नाही, पण एवढ्या वेगानं ती आजवर कधीच पळाली नव्हती. परत आल्यावर तिनं तो आकडा स्वतःच्या बोटांनी मला दिला. ठिपका उमटला.

"सर, हा जुन्या रेघेच्या लई वर पडला," ती म्हणाली.

"पडू दे," सर म्हणाले. "हा ठिपका तू पळालीस. ती रेघ कुणीच पळालं न्हाई."

मित्रांनो, मी हजारो आलेख काढले, पण तो ठिपका मांडताना जितका अभिमान वाटला तितका कधीच वाटला नाही. आता शाळेत नवे संगणक आले आहेत. माझ्यावर बहुतेक वेळा कापड असतं. त्याचं मला दुःख नाही. नवे संगणकही रेघा पुढे ओढून दाखवतील, माझ्याहून झटपट. तुम्ही त्या जरूर बघा. फक्त त्या रेघेखाली एखादं जिवंत माणूस पळत असेल, तर आधी त्याला विचारा, दमलास का, जेवलास का. एवढं मात्र मला मोजता येत नाही. ते तुम्हालाच करावं लागेल.