रिकामी आहे ती

मित्रांनो, मी एक जुनी रायफल आहे. काल दुपारी माझी ओळख पटली, किंमतही निघाली, आणि उद्या सकाळी माझी नळी कापणार आहेत. मधल्या वेळात माझी हकीकत सांगून टाकते, कारण ती दुसऱ्या कुणालाच ठाऊक नाही.

चार हात फिरून मी एका जंगलरक्षकाकडे आले. तो मला पोटच्या पोरीसारखं जपायचा. रोज फडकं, दर आठवड्याला तेल. गोळी झाडली की त्याच दमात पुढचं काडतूस भरून खटका लावून ठेवायचा, ही त्याची सवय. जखमी जनावर उलटलं तर भरायला वेळ मिळत नाही, असं तो म्हणायचा. या सवयीचं त्याचे वरिष्ठही कौतुक करत, आणि मीसुद्धा उगाच ताठत असे.

एका सकाळी दाट धुक्यात झुडूप हललं. रानडुक्कर समजून त्याने गोळी झाडली. हाताने आपलं काम केलं, दुसरं काडतूस आत गेलं, खटका लागला. मग तो पुढे गेला. झुडपापाशी त्याचा धाकटा भाऊ पडला होता. घरी विसरलेला डबा द्यायला आला होता बिचारा.

चोरट्या शिकाऱ्याची गोळी लागली, असं त्याने सगळ्यांना सांगितलं आणि सगळ्यांनी मानलं. त्याने माझ्या लाकडी दस्त्यावर चाकूने त्या दिवसाची तारीख कोरली आणि मला भिंतीवर टांगलं. पुढे एकतीस वर्षं त्याने मला हात लावला नाही. कुणी विचारलं तर म्हणायचा, "रिकामी आहे ती. पण हात लावायचा नाही."

मी रिकामी नव्हते. ते दुसरं काडतूस माझ्या पोटात तसंच होतं. गंजाने खटका जाम झाला, तेवढंच काय ते बरं झालं. त्याची नात लहान असताना स्टुलावर चढून माझ्या तोंडाला डोळा लावायची आणि म्हणायची, आत नुसता अंधार आहे. मला ओरडता आलं असतं तर मी घर डोक्यावर घेतलं असतं.

गेल्या हिवाळ्यात म्हातारा गेला. परवाना नातीच्या नावावर करायचा तर बंदुकीची ओळख आणि किंमत लिहून आणा, असं कचेरीतून कळलं. नातजावई उत्साही माणूस. किंमत चांगली यावी म्हणून त्याने मला सँडपेपरने घासून काढलं आणि फटीफटीत तेल सोडलं. झाकली मूठ सव्वा लाखाची असते, पण धीर कुणाला? तेलाने गंज सुटला आणि खटका सैल झाला. त्या संध्याकाळी त्यांची पाच वर्षांची मुलगी माझ्या तोंडाशी डोळा लावून बसली होती, आणि मागे तिचा बाप चाप पुसत होता. काळ आला होता, पण वेळ आली नव्हती.

काल नात मला एका बंदूक दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे घेऊन गेली. त्याने नंबर वाचण्याआधी नळीत एक दांडी घातली. ती जायला हवी तितकी आत गेली नाही. त्याने नातीला मागे व्हायला सांगितलं, माझं तोंड वाळूच्या बादलीकडे धरलं आणि मागचा बोल्ट ओढला. हिरवट पडलेलं काडतूस टेबलावर पडलं.

"ताई, भरलेली होती ही."

"आजोबा तर रिकामी आहे म्हणायचे."

"उघडून बघितली होती कुणी?"

दोन्ही हातांनी डोळे झाकून नात स्टुलावर बसली. कारागिराने तिला पाणी दिलं आणि आपलं काम सुरू केलं. नंबर जुळत होते, कारखान्याचा शिक्का खरा होता, पण जुनं अंग घासून टाकल्यामुळे किंमत निम्म्यावर आली होती. मग दिवा तिरका धरून त्याने दस्त्यावरचे पुसट आकडे वाचले. तारीख ऐकून नातीने मान वर केली.

"या दिवशी आजोबा जेवायचे नाहीत," ती म्हणाली. "दर वर्षी. धाकटे आजोबा गेले तो दिवस."

कारागिराने एकदा काडतुसाकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. मग त्याने हळूच विचारलं, कागदावर किंमत किती लिहू?

"लिहू नका," ती म्हणाली. "कचेरीत मी कळवते. तुम्ही हिला कापून टाका."

मला राग नाही आला. खरं सांगायचं तर सुटल्यासारखं वाटलं.

मित्रांनो, घरात माझ्यासारखी एखादी वस्तू टांगलेली असेल तर तिला घासूपुसू नका, तिच्याशी खेळू नका. आधी जाणत्या माणसाला बोलवा. आणि रिकामी आहे, असं कुणी सांगितलं, अगदी तुमच्या लाडक्या आजोबांनी सांगितलं, तरी त्यावर जाऊ नका. रिकामी म्हणताना माझा धनी खोटं बोलत नव्हता. त्या सकाळनंतर मला उघडून बघायचं धाडस त्याला झालं नाही, एवढंच.