पिंपळपानावरची देवी

मित्रांनो, मी पिंपळाचे एक जुने पान आहे. माझ्याबरोबर फांदीवर सळसळणारी भावंडे केव्हाच मातीत मिळाली. मी मात्र सोलापुरात, जुन्या कागदपत्रांच्या संग्रहात, काचेखाली आरामात पडून आहे. पानाला कसली आली जीवनकहाणी, असे म्हणू नका. आधी ऐका तर खरे.

इंग्रजांच्या राज्यात एका चिताऱ्याने मला झाडावरून उतरवले आणि कित्येक दिवस पाण्याच्या मडक्यात कुजत ठेवले. तेव्हा मला त्याचा फार राग आला होता. हिरवा गर गळून गेला, शिरांची जाळी तेवढी उरली. तिच्यावर त्याने पातळ खळ चढवली आणि बारीक कुंचल्याने चित्र काढले. लाल लुगड्यातली एक कोष्टीण, समोर रहाट, हातात सूत. विणकराची बायको विणण्यासाठी सुताच्या कांड्या भरायला बसते ना, तशी. इथले लोक कोणकोणती कामे करतात, हे एका साहेबाला विलायतेत दाखवायचे होते म्हणे. पण जाताना तो नेमका मलाच विसरला. बंगल्यावर कापड पोचवणाऱ्या संगप्पांना मी सापडले आणि त्यांनी मला शुक्रवार पेठेतल्या आपल्या घरी आणले.

त्यांची सून चंद्रव्वा तेव्हा नवी नवरी होती. मला पाहताच तिने हात जोडले. रहाटाचे चाक तिला देवीच्या हातातले चक्र वाटले! झाले, मी देवघरात लिंगाशेजारी जाऊन बसले. रोज विभूती, कुंकू, उदबत्ती. ती कोष्टीण बिचारी जन्मात कधी एवढ्या सुगंधात बसली नसेल. चंद्रव्वा माझ्याशी बोलायचीही. सुखाच्या गोष्टी मराठीत सांगायची आणि गाऱ्हाणी कानडीत. तिचे केस पिकले, तरी तिचा नेम चुकला नाही. धुराने मी काळवंडत चालले होते, पण एवढी माया कुणाच्या वाट्याला येते?

मग बहात्तरचा दुष्काळ आला. एका सोमवारी चंद्रव्वाची सून दाक्षायणी ओल्या फडक्याने देवघर पुसत होती. फडके मला लागले आणि माझे टोक तुटले. दाक्षायणी रडवेली झाली. चंद्रव्वा त्या दिवशी जेवली नाही. खंडित झालेला देव घरात ठेवत नाहीत, पाण्यात सोडतात. तिने मला आणि माझ्या तुटक्या टोकाला पितळी ताटलीत ठेवले आणि ती सिद्धेश्वराच्या तळ्याकडे निघाली.

मी भ्याले. पाण्यात गेले असते, तर माझी खळ विरघळली असती आणि चित्र वाहून गेले असते. पण त्या वर्षी तळेच आटले होते. पायऱ्यांखाली नुसता चिखल.

"चिकलात कशी टाकू गं बाई तुला?" म्हणत चंद्रव्वा पायरीवर बसली.

शेजारी एक तरुण भाकरी खात होता. त्याचे नाव ईश्वर. जवळच्याच जुन्या कागदपत्रांच्या संग्रहात तो नोकरीला होता.

"अव्वा, जरा बघू का?"

"बघ की. पन देवी हाय ती. आदी हात धू."

ईश्वरने प्यायला आणलेले पाणी हातावर ओतले, हात शर्टाला पुसले आणि मगच मला उचलले. त्याने आधी चित्र पाहिलेच नाही, त्याने पान पाहिले.

"पिंपळाचं हाय हे," तो म्हणाला. "आमच्यात ह्याला लई मान. पिंपळाखालीच बुद्धाला ज्ञान झालं. माझी आई असलं पान कुनाच्या पायाखाली येऊ देत न्हाय. अव्वा, हिला आमच्या संग्रहात द्या. काचेखाली जपू."

"तितं दिवा लावशील?"

"न्हाय. धूर, तेल, कुंकू हिला सोसत न्हाय. पन ऊन, पानी, वाळवी लागू देनार न्हाय."

बिनदिव्याची देवी चंद्रव्वाच्या मनाला पटेना. शेवटी तिने ताटली पुढे केली. "चिकलापरीस बरं. ने. पन मी बघाया येनार."

संग्रहात ईश्वरने मऊ कुंचल्याने माझी काजळी हलकेच झाडली. तुटलेले टोक जागच्या जागी बसवले. रंग पुन्हा दिसू लागले आणि त्याबरोबर रहाटही दिसू लागला. ईश्वरच्या सारे ध्यानात आले. शिरांत मुरलेले थोडे कुंकू मात्र त्याने तसेच राहू दिले.

पुढच्या वर्षी पाऊस झाला, तळ्यात पाणी आले. आता चंद्रव्वाने मला पाण्यात सोडायला परत मागितले तर? ती दाक्षायणीला घेऊन आली, तेव्हा माझ्यापेक्षा ईश्वरच जास्त घाबरला होता.

"अव्वा, राग मानू नगा. ही देवी न्हाय. कांड्या भरनारी बाई हाय. ह्यो बघा रहाट."

दाक्षायणीने सासूकडे पाहिले. चंद्रव्वाने चष्मा पुसला, वाकून मला नीट निरखले. मला वाटले, आता ही पाठ फिरवणार. इतक्या वर्षांचे आपले नाते इथेच संपले.

"म्हंजे काम करत बसली हाय व्हय ही?" ती म्हणाली. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "हातातलं काम न सोडता माझं समदं ऐकलंस की गं बाई."

आणि तिने पूर्वीसारखेच हात जोडले.

मित्रांनो, मला चिताऱ्याने रूप दिले, चंद्रव्वाने माया दिली, ईश्वरने आयुष्य दिले. ह्या तिघांचे उपकार मी विसरणार नाही. तुमच्याही घरी एखादी जुनी, तुटकी वस्तू असेल. टाकून देण्याआधी तिच्याकडे एकदा नीट पाहा. आणि तिला उचलण्याआधी हात धुवा. ईश्वरने तर दुष्काळात धुतले होते.