सत्काराचं घड्याळ

सत्काराच्या वेळी पद्मजा आधी खूशच होती, खोटं कशाला बोला? दुकानातल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, पेढे वाटले, काकांनी तिच्या खांद्यावर शाल घातली. मग रंगीत कागदात गुंडाळलेला खोका तिच्या हातात दिला. तिने तो तिथेच उघडला, आणि आतून भिंतीवरचं घड्याळ निघालं. ते बघून तिने खोका पुन्हा बंद केला.

बुधवार पेठेतलं हे शालेय पुस्तकांचं दुकान शरच्चंद्रकाकांचं. पद्मजा तिथे दहा वर्षं पुस्तकांचे संच बांधत होती. वय छत्तीस. काही गोष्टी तिला उशिरा समजत, काही समजतच नसत. डॉक्टरांनी त्याला लहानपणीच एक लांबलचक नाव दिलं होतं, ते राहू द्या बाजूला. पण चौथीचा संच तिच्यासमोर ठेवून बघा. मोठं पुस्तक खाली, लहान वर, प्रत्येकावर हात ठेवून ती वरचं चित्र बोलणार, "पतंग, बैल, होडी, सूर्य", आणि मगच सुतळी आवळणार. दहा वर्षांत तिच्या संचात एकही पुस्तक कमी निघालं नव्हतं. चांगली पदवीवाली माणसं तिथे आली आणि गेली, त्यांच्या संचांबद्दल न बोललेलं बरं.

तर घड्याळ. तसलं एक घरी आधीच होतं. तिचे बाबा, श्रीधरपंत, सरकारी कचेरीत कारकून होते. सहा वर्षांपूर्वी त्यांनाही शाल, पेढे, टाळ्या आणि घड्याळ मिळालं. साहेब भाषणात म्हणाले, असा माणूस पुन्हा मिळायचा नाही. पद्मजा पहिल्या रांगेत बसून ऐकत होती. दुसऱ्या दिवशी बाबा कचेरीत गेले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. तिने विचारलं तेव्हा म्हणाले, "आता मी घरीच. रिटायर झालो ना."

आणि आज काकाही तेच म्हणाले होते, "पद्मजासारखी मुलगी पुन्हा मिळायची नाही."

आपलं काय चुकलं, हे तिला कळेना. चुकलं असतं तर काका रागावले असते. पण ते हसत होते, तिच्या शेजारी संच बांधणारी मैनाही हसत होती. काम काढून घेताना माणसं टाळ्या का वाजवतात? रस्ताभर तिने घड्याळ पोटाशी धरलं होतं, आणि लक्ष्मी रोड ओलांडताना पहिल्यांदाच ती सिग्नल बघायला विसरली.

सकाळी तिने आवरलंच नाही. बाबांच्या शेजारी खुर्ची ओढून बसली.

"दुकान नाही का आज?" बाबांनी विचारलं.

"नाही. आता मी घरीच."

बाबांना वाटलं, दुकानात कोणीतरी टोचून बोललं असणार. त्यांनी काकांना फोन केला. काकांना वाटलं, मुलीला काम झेपेनासं झालंय आणि ते सांगायला वडिलांना संकोच वाटतोय. "तिला वाटेल तेव्हा येऊ द्या. आमची जबरदस्ती नाही," ते म्हणाले. अहो, तिला विचारा ना! एक शब्द विचारला असता तर भागलं असतं. पण दोघेही पुणेरी सभ्य गृहस्थ, विचारतील कसे?

तीन दिवस गेले. एक वाजला की पद्मजाचा जीव कासावीस होई. एकला दुकानाचं शटर अर्ध्यावर येई आणि सगळे पुस्तकांच्या गठ्ठ्यांवर डबे उघडून बसत. मैना लोणी काळभोरहून बसने यायची, तिच्या डब्यात भाकरी आणि ठेचा. पद्मजाची अर्धी पोळी मैनाला, मैनाची अर्धी भाकरी पद्मजाला, हे दहा वर्षं ठरलेलं. आता ती अर्धी भाकरी कोण खात असेल? घरी अख्खी पोळी खाल्ली तरी तिला जेवल्यासारखं वाटेना.

चौथ्या दिवशी तिने डबा भरला आणि निघाली. बाबाही रिटायर झाल्यावर एकदा कचेरीत जाऊन आले होते. लोकांनी त्यांना चहा दिला, "या हं कधीतरी" म्हणाले आणि आपापल्या कामाला लागले. बाबा पुन्हा गेले नाहीत. म्हणून आपण फार वेळ बसायचं नाही, भाकरीची अदलाबदल करायची आणि निघायचं, असं तिने ठरवलं.

शटर अर्ध्यावर होतं. ती बाहेर पायरीवरच बसली. मैनाला तिच्या चपला दिसल्या. ती वाकून बाहेर आली.

"आत ये की ताई. भाईर का बसलीस?"

"मी रिटायर झाले ना."

"कुणी सांगितलं?"

"शाल दिली. घड्याळ दिलं. बाबांना पण दिलं होतं."

आत काकांचा घास हातातच राहिला. ते बाहेर आले. एरवी गिऱ्हाइकाला दोन शब्दांत वाटेला लावणारा हा माणूस, पण त्या दिवशी तिच्याशेजारी पायरीवर बसला.

"अगं, ते तुझं कौतुक होतं. दहा वर्षं पुरी झाली म्हणून."

"बाबांचं पण कौतुकच होतं," पद्मजा म्हणाली.

काकांनी तिला हाताला धरून आत नेलं. तिच्या टेबलावर चौथीचे बारा संच परत आलेले होते, कशात गणित दोनदा, कशात परिसर अभ्यासच नाही. पद्मजाने ते बघितलं आणि डबा न उघडताच सुतळ्या सोडायला बसली. मैनाने भाकरीचा तुकडा तिच्या तोंडात कोंबला.

दुसऱ्या दिवशी तिने घड्याळ परत आणलं. काकांनी तिच्या टेबलाच्या वर खिळा ठोकला आणि ते टांगलं. सगळं पहिल्यासारखं झालं.

एक सोडून. संध्याकाळी पर्स खांद्याला लावली की पद्मजा आता गल्ल्यापाशी थांबते आणि विचारते, "उद्या यायचं ना, काका?" आधीच्या दहा वर्षांत तिने हे कधी विचारलं नव्हतं. काका हातातलं काम ठेवतात, तिच्याकडे बघतात आणि म्हणतात, "ये." ते ऐकल्याशिवाय ती पायरी उतरत नाही.