गुढियारीतलं बंदर

आमच्या लेकीचं, साक्षीचं लग्न जमलं त्याच हिवाळ्यात छत्तीसगड वेगळं झालं आणि आमचं रायपूर राजधानी झालं. सुपारी फोडायला व्याही गुलाबराव गुढियारीला आमच्या घरी आले. चहा संपायच्या आधीच आमच्या यांनी त्यांना मागच्या खोलीत नेलं.

"चार वर्षं थांबलो," हे म्हणाले. "बंदर पाह्यलेल्या मानसानंच पाहावं म्हनून."

पलंगभर प्लायवूड होतं. त्यावर तेलाच्या डब्यांच्या पत्र्याचे सात रूळ, सायकलच्या आऱ्यांच्या क्रेन, काड्यापेट्यांच्या मालगाड्या, निळ्या ऑइलपेंटचा समुद्र आणि थर्माकोलची नऊ जहाजं. हे रेल्वेच्या यार्डात शंटिंग जमादार होते. एकतीस वर्षं यांनी गाड्या जुळवून वाल्टेरला, म्हणजे विशाखापट्टणमच्या बंदराला, रवाना केल्या. स्वतः वाटेतल्या टिटलागडच्या पुढं कधी गेले नाहीत. गुलाबराव त्याच बंदरात क्रेन चालवत; निवृत्तीनंतर जवळच बीरगावला राहत होते. सोयरीक जुळताना मुलगा काय करतो हे मी विचारलं. यांनी विचारलं, त्याचा बाप कोणत्या धक्क्यावर होता.

गुलाबराव पलंगाभोवती फिरले. मी दारात उभी होते. हसू नका, एवढंच मनात म्हणत होते. जहाजं तीन-तीनच्या रांगेत, एकामागं एक, रुळांच्या टोकाला नाक लावून उभी होती.

"इवाई, हे पुढचं जहाज भरलं तं निंघन कसं?"

"मांगचे दोन काढू. मंग हे काढू. मंग ते परत लावू."

"जहाजाले शंटिंग नसते, भाऊ. ते आंगानं लागते धक्क्याले. हरेक आपल्या मतानं निंघते."

आमचा यशदीप हसला. "पापा ने समुंदर में भी यार्ड बना दिया."

गुलाबराव हसले नाहीत. पण यांनी पलंगावर चादर ओढली आणि सुपारीला येऊन बसले.

पंधरा दिवस हे त्या खोलीत गेले नाहीत. मी म्हटलं, नऊ जहाजं फिरवायला किती वेळ लागतो? तर म्हणाले, न पाहिलेली वस्तू बनवाचीच काहून? लग्नाच्या पाहुण्यांसाठी पलंग मोकळा करू का, असं यशदीपनं विचारलं तेव्हा यांनी नुसतं "हव" म्हणून मान डोलावली. त्या एका शब्दावर मी कागद-पेन काढलं. अक्षरं मी उतारवयात, प्रौढांच्या वर्गात शिकले. विहिणीनं व्याह्याला लिहावं अशी आमच्यात रीत नाही, तरी बीरगावला चार ओळी लिहून पाठवल्या.

रविवारी गुलाबराव आले. चादर त्यांनीच काढली आणि जहाजं सोडून रुळांकडं बोट दाखवलं.

"मले हे दाखवा. मी वरतं केबिनात बसो. खाली डबे लागलेलेच राहत, कोयशाचे कोयशात, तांदुयाचे तांदुयात. कोन लावते, तीस वर्षं पाह्यलंच नाही."

हे पुढं आले. मग पलंगाशी गुडघे टेकले, एका हातात इंजिन धरलं, दुसऱ्या हातानं रुमालाची झेंडी केली. कोणता डबा आधी तोडायचा, कोणता मागं ढकलायचा, सगळं सांगितलं. दोन तास. गुलाबराव मधेच चुकीचा डबा सरकवत आणि बोलणी खात.

"आता तुमचं दाखवा," शेवटी हे म्हणाले.

दोघांनी जहाजं उचलून धक्क्याला आडवी लावली. दोन मावली नाहीत. ती लांब समुद्रात उभी केली.

"खरंच थांबतेत अशी," गुलाबराव म्हणाले. "आठ-आठ दिवस नंबर लागत नाही."

"म्हंजे आउटर सिग्नलवर," हे म्हणाले, आणि पंधरा दिवसांत पहिल्यांदा जेवायला वाढ म्हणून मला आवाज दिला.

लग्नाचे पाहुणे वरांड्यात झोपले. पुढं सहा वर्षं रविवारी गुलाबराव येत राहिले. ते क्रेनच्या बाजूला, हे इंजिनाच्या. भांडणंही होत. उशीर कोणामुळं झाला, यावरून बहुतेक.

शेवटच्या त्या रविवारीही गुलाबराव नेहमीच्या वेळी आले. खोलीत एकटेच गेले. मी पाणी घेऊन गेले तेव्हा ते पलंगाच्या इंजिनाकडच्या बाजूला गुडघे टेकून बसले होते आणि एकेक डबा हातानं लावत होते. मी पाणी ठेवलं आणि दार लोटून घेतलं.

माझे यजमान शालिग्राम दोन दिवस आधीच, शुक्रवारी, ९ मार्च २००७ रोजी सकाळी वारले होते.